कंदिलाच्या उजेडातला चांदा

जुने ते सोने, असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून जुन्या वाड्यांच्या, जुन्या सणांच्या आठवणी छापून येतात आणि वाचायला गोडही वाटतात. आपल्या समाजातील माणसाने मात्र हे वाक्य जरा जपूनच उच्चारावे. आपले जुने सारेच सोने नव्हते. त्यात पितळ होते, कोळसा होता आणि दुसऱ्याने वरून ओंजळीत ओतलेले पाणीही होते.

तरीसुद्धा त्या दिवसांची आठवण येते. १९५६ साली जी मुले दहा वर्षांची होती, ती आज ऐंशीच्या घरात आहेत. आम्ही त्यांच्यापैकीच, चांद्याच्या अशाच एका वस्तीत वाढलेली माणसे. आमच्याबरोबरची मंडळी एकेक करून निघून चालली आहेत. त्या काळाचे मोठे प्रसंग पुस्तकांत आले, भाषणे छापली गेली. पण आपल्या घरी तेव्हा काय शिजत होते, दिवा कशाचा होता, आई पैसे कुठे लपवीत होती, हे कोणी लिहून ठेवले नाही. म्हणून हा लेखनप्रपंच. तरुण वाचकांनी तो वाचावा आणि वडीलधाऱ्यांनी जिथे राहिले असेल तिथे भर घालावी.

परकोटाच्या आत आणि बाहेर

आजच्या चंद्रपूरला तेव्हा सारे चांदाच म्हणत. १९६४ च्या सुमारास नाव बदलले, पण जुनी माणसे शेवटपर्यंत चांदाच म्हणत राहिली. रेल्वेच्या एका ठाण्याने तर ‘चांदा फोर्ट’ हे नाव आजही सोडलेले नाही. गोंड राजांनी बांधलेला परकोट गावाला वेढून उभा होता. उत्तरेला जटपुरा दरवाजा, दक्षिणेला पठाणपुरा, पूर्वेला अंचलेश्वर आणि पश्चिमेला बिनबा. “जटपुऱ्याच्या बाहेर” असे कोणी म्हटले की आपण गावाबाहेर गेलो असेच वाटे. पलीकडे मोकळे माळ, झुडपे आणि सायंकाळनंतर कोल्हेकुई.

आपल्या वस्त्या बहुतेक कडेला. मातीच्या भिंती, नाहीतर बांबूच्या ताट्यांवर चिखल लिंपलेले कूड, वर कवेलू. पावसाळा तोंडावर आला की वडील माणसे छपरावर चढून कवेलू फेरीत. खालून एकेक कवेलू हातात द्यायचे काम आम्हा पोरांचे. एवढे करूनही जुलैच्या झडीत घरात चार ठिकाणी गळायचेच. मग गळतीखाली गंज, गाडगे, परात ठेवायची आणि कोणत्या भांड्यात कसा आवाज होतो ते ऐकत झोपी जायचे. घरात एकच बाज असे, ती आज्याची. बाकी सारे शेणाने सारवलेल्या भुईवर, गोधडीत.

राज्येही आमच्या डोळ्यांदेखत बदलली. आम्ही शाळेत गेलो तेव्हा चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला आम्ही मुंबई राज्यात आलो आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. भूगोलाच्या पुस्तकातला नकाशा बदलला. वस्तीतला रस्ता मात्र तोच राहिला, उन्हाळ्यात फुफाटा आणि पावसाळ्यात चिखल.

कोळशाचा धूर

चांद्याच्या आठवणीला एक वास आहे, तो कोळशाच्या धुराचा. या जिल्ह्यात कोळसा काढण्याचा उद्योग फार जुना. वरोऱ्याची खाण १८७१ साली सुरू झाली आणि १९०६ साली बंद पडली. पुढे बल्लारपूरची आणि चांद्याची महाकाली, लालपेठ, रय्यतवारी या खाणी चालल्या. आपल्या समाजातील किती तरी घरे या खाणींवर जगली. त्याआधी आपली पुष्कळ माणसे हातमागावर जाडेभरडे कापड विणीत. गिरणीच्या स्वस्त कापडाने ते माग मोडले. मग कोणी नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये गेले, कोणी खाणीत उतरले, कोणी बल्लारपूरच्या कागद कारखान्यात लागले.

खाणीचा भोंगा हेच वस्तीचे घड्याळ. भोंगा झाला की पाळी बदलली. पहिल्या पाळीचा माणूस अंधारात निघे, फडक्यात बांधलेली भाकर किंवा भात आणि वर मिरची. परत येई तेव्हा डोळे आणि दात तेवढे पांढरे. लहान मूल बापाला पाहून दचके आणि आई हसून म्हणे, “अगा, तुहा बाप हाय तो!” अंगणात दगडावर बसून ते अंग धुवीत, तेव्हा नालीतून काळे पाणी वाहत जाई. त्या काळ्या पाण्याने आम्हाला शाळेत घातले, हे पुढे मोठे झाल्यावर समजले.

घरातली चूलही बरीचशी कोळशावरच. कच्चा कोळसा अंगणात ढीग करून पेटवायचा, त्याचा जाड पिवळट धूर निघून गेला की पाणी मारून विझवायचा आणि मग तो शेगडीत वापरायचा. चुरा वाया जाऊ द्यायचा नाही. त्यात माती आणि शेण कालवून आई, आजी गोळे वळीत आणि ते उन्हात वाळत पडत. सकाळी आणि दिवेलागणीला प्रत्येक दारापुढे शेगडी धुमसत असे. धूर खाली बसला की समोरचे घर दिसत नसे.

गंमत अशी, की त्याच वर्षांत साता समुद्रापलीकडे इंग्लंडातही हेच चालले होते. आपल्यावर राज्य केलेल्या देशातल्या कामगारांच्या घरीही कोळशाचीच शेगडी होती आणि महायुद्धानंतर कित्येक वर्षे त्यांनाही रेशनकार्ड घेऊन रांगेत उभे राहावे लागे. तिथले रेशन १९५४ साली संपले. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर कोळशाच्या धुराचे असे धुके बसले की हजारो माणसे दगावली. त्यातून तिथे हवा स्वच्छ ठेवण्याचा कायदा झाला, तो १९५६ साली. आज तिथली म्हातारी माणसे त्या शेगडीची, त्या रांगेची आठवण मायेने काढतात. काढोत. पण त्यांच्याकडे धूर गेला. आमच्याकडे शेगडी गेली आणि धूर राहिला. १९८० च्या दशकात दुर्गापूरला मोठे वीजकेंद्र आले, खाणी उघड्या झाल्या आणि २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी काढली तेव्हा चंद्रपूर त्यात वरच्या क्रमांकांत होते.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. खाणीतल्या माणसाचे दुःख बाबासाहेबांनी पुस्तकातून ओळखले नव्हते. व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादकडच्या कोळसा खाणी पाहायला गेले आणि स्वतः खाली उतरले. १९४४ साली कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला, तो त्यांच्याच कारकिर्दीत. आमच्या वस्तीतल्या खाणकामगारांना कलमे ठाऊक नव्हती. पण “आपला मानूस तिथं बसला होता” एवढे त्यांना पक्के ठाऊक होते.

शेर, पायली आणि नवा पैसा

आमच्या लहानपणी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे होते. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, रुपयाचे शंभर. आणा म्हणजे सहा नवे पैसे आणि वर थोडे. ते ‘थोडे’ कोणाच्या खिशात जाते यावरून दुकानात रोज भांडण. चार आण्यांचे पंचवीस झाले हे सोपे, पण आण्याआण्याने चार वेळा सामान आणले तर चोवीसच होतात, मग एक पैसा गेला कुठे? आजीला हा हिशेब कधी पटला नाही. ती शेवटपर्यंत आण्यांतच बोलली. १९६४ साली ‘नवा’ हा शब्द सरकारने काढून टाकला, पण तो तिच्या तोंडी बसलेलाच नव्हता.

मापेही तशीच. धान पायलीने, तेल पावशेराने, आणि मिरची, हळद मुठीच्या अंदाजाने. पुढे १९५८ पासून हळूहळू किलो, लिटर आले. महिन्याचा किराणा भरणे हा प्रकार आमच्या वस्तीत नव्हता. रोजचे रोज आणायचे. पगाराच्या दिवशी मात्र बाबा बाजारातून येताना पुडा घेऊन येत, त्यात शेव-चिवडा नाहीतर गुळाची जिलेबी. सहा पोरांत ती वाटताना आईचा हात न्यायाधीशासारखा चाले. स्वतःला तिने काय ठेवले, हे आम्ही तेव्हा कधी पाहिले नाही.

पैसे ठेवायची जागा म्हणजे तांदळाचे मडके, नाहीतर लुगड्याचा ओचा. बँक तेव्हा आमच्यासाठी नव्हतीच. वस्तीतल्या बाया आपसात भिसी लावीत. कोणाच्या घरी बाळंतपण आले, कोणाचा माणूस खाणीत जायबंदी झाला, तर पाळी मोडून तिला आधी रक्कम मिळे. त्याला कोणी सहकार म्हटले नाही, पण तो सहकारच होता.

वरण-भात आणि रानमेवा

हा धानाचा मुलूख. ताटात भात असायचा, पोटभर असेलच असे नाही. सोबत लाखोळीच्या डाळीचे पातळ वरण, अंबाडीची आंबट भाजी, जवसाची चटणी. रात्रीचा उरलेला भात पाण्यात ठेवायचा आणि सकाळी कांद्याबरोबर खाऊन शाळेत पळायचे. पावसाळ्यात फुकटची भाजी भरपूर, तरोट्याचा पाला, बांबूचे कोवळे वास्ते, आणि वीज कडाडून गेल्यावर वारुळापाशी उगवणाऱ्या सात्या. सात्या सापडलेल्या माणसाने जागा सांगितली, असे आम्ही तरी कधी ऐकले नाही.

उन्हाळ्यात रान मोठे दिलदार होई. टेंभरं, चारं, मोहफुले. मोह वेचायला बाया पहाटे निघत आणि डोक्यावर टोपली घेऊन दहाच्या आत परत येत. मग तेंदूपानाचा हंगाम. पुडे बांधताना बोटे काळी पडत आणि शाळा उघडली तरी तो रंग जात नसे. त्या पैशातून जूनमध्ये पाटी, पुस्तक आणि कापड येई. वर्षाला एकच नवा सदरा, आणि तोही दोन बोटे मोठाच शिवायचा, पुढल्या वर्षीही यावा म्हणून.

वैनगंगेपलीकडून, म्हणजे आजच्या गडचिरोली जिल्ह्यातून पाहुणे आले की घरात आनंद. तेव्हा सारा एकच चांदा जिल्हा. गडचिरोली वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ ला. आरमोरी, वडशाकडचे मामा छोट्या गाडीने येत. गोंदियाहून नागभीडमार्गे चांदा फोर्टला येणारी ती अरुंद रुळांची गाडी इतकी सावकाश चाले की पोरे उतरून पुन्हा चढतात, अशी थट्टा होई. पावसाळ्यात नदीला पूर आला की डोंगा बंद आणि पाहुणा तिकडेच अडकलेला. मामा येत ते रिकाम्या हाताने नव्हे. धोतराच्या गाठोड्यात तांदूळ, सुकी मासळी, चारोळी. दारात येऊनच त्यांची हाक, “कोनी हायेत का गा घरी?” आणि आई पदराने डोळे टिपत तांब्याभर पाणी घेऊन बाहेर. रात्री कंदिलाभोवती बसून रानातल्या वाघाच्या, आलापल्लीच्या सागवानाच्या, जंगल ठेकेदाराच्या गोष्टी. ठेकेदार वाघापेक्षा भारी पडतो, हे आम्ही त्या गोष्टींतूनच शिकलो.

पाण्याची गोष्ट

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की दिवस किती छान होते. आता पाण्याचे ऐका.

खेड्यातून शहरात आलेल्या आमच्या आजीला शहराची एकच गोष्ट आवडे, ती म्हणजे नळ. नळ जात विचारीत नाही, असे ती म्हणे. पण नळाच्या रांगेतल्या बाया विचारीत. आपल्या घागरीचा स्पर्श झाला म्हणून दुसरीने आपली घागर राखेने घासून पुन्हा भरली, हे आम्ही या डोळ्यांनी पाहिले आहे. अस्पृश्यता गुन्हा ठरविणारा कायदा १९५५ साली आला होता, पण तो नळापर्यंत यायला वेळ लागला. खेड्यात तर विहिरीपाशी जाऊन उभे राहायचे आणि कोणी दयाळू येऊन वरून पाणी ओतील याची वाट पाहायची. आजी सांगे, “उन्हात दोन-दोन घंटे उभी राहो गा. पानी समोर, अन् घागर कोरडी.”

एका शाळेत आम्हाला पाण्याच्या माठाला हात लावू देत नसत. शिपाई ओतील तेव्हाच प्यायचे. शिपाई जाग्यावर नसला की तहान दाबून गणित करायचे. म्हणून आम्ही म्हणतो, जुन्या दिवसांची आठवण काढताना फक्त सात्यांची भाजी आठवू नये, तो माठही आठवावा.

१६ ऑक्टोबर १९५६

नागपूरला १४ ऑक्टोबरची धम्मदीक्षा झाली हे सारे जग जाणते. त्यानंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर चांद्याला आले आणि इथे दीक्षेचा दुसरा मोठा सोहळा झाला. लंडनहून बॅरिस्टर होऊन आलेले आपल्याच गावचे राजाभाऊ खोब्रागडे यांचा त्यात पुढाकार होता. हेच राजाभाऊ पुढे १९६९ ते १९७२ या काळात राज्यसभेचे उपसभापती झाले आणि १९८४ साली त्यांचे निधन झाले.

त्या दिवसाचा इतिहास इतरांनी लिहिला आहे. आम्ही घरातले सांगतो. आधीचे चार दिवस वस्तीत पाहुणेच पाहुणे. बैलबंड्या, सायकली, पायी चालत आलेली माणसे. ज्यांना आम्ही कधी पाहिले नव्हते ती माणसे आमच्या ओसरीवर झोपली आणि आईने त्यांना जेवू घातले. तांदूळ कोणाचा, डाळ कोणाची, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. पांढऱ्या कपड्यांची ओढ अशी की ज्यांच्याकडे नवे लुगडे घ्यायला पैसे नव्हते, त्यांनी जुने धोतर सोड्यात उकळून पांढरे केले आणि नेसले. मैदानात आम्ही मुले बाबांच्या खांद्यावर. बाबासाहेब दिसले ते दुरून, थकलेले. त्रिशरण, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा म्हणताना आमच्या आजीचा आवाज सगळ्यांत मोठा होता. तिला अर्थ कितपत कळला, असे कोणी विचारील. ज्याने आयुष्यभर विहिरीपाशी वाट पाहिली, त्याला अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

घरी आल्यावर आजीने देवळीतले टाक, शेंदूर लावलेले दगड, गंडे-दोरे सारे एका टोपलीत भरले आणि झरपट नदीत नेऊन सोडले. रस्त्यात एक शेजारीण म्हणाली, “बाई, पोरंबाळं हायेत, कोप होईल.” आजी म्हणाली, “आतापर्यंत काय कमी झाला?” देवळी सारवून तिथे भगवान बुद्धांचे आणि बाबासाहेबांचे चित्र लागले. ती भिंत घरात सर्वांत स्वच्छ.

आणि दोन महिने पुरते झाले नाहीत तोच ६ डिसेंबर आला. त्या रात्री वस्तीत एकही शेगडी पेटली नाही. खाणीच्या पाळीवरून आलेली माणसे काळ्या तोंडानेच ओसरीवर बसून होती आणि त्या काळ्या तोंडांवरून पाण्याच्या रेघा ओघळत होत्या. बापाला रडताना आम्ही पहिल्यांदा पाहिले.

शाळेच्या रजिस्टरातला रकाना

दीक्षेनंतर रोजच्या जगण्यात काय बदलले? पहिली बदलली नावे. धोंड्या, कचऱ्या, दगडी ही नावे संपली आणि गौतम, सिद्धार्थ, राहुल, सुजाता, यशोधरा जन्माला आले. लग्ने तासाभरात होऊ लागली. पांढरे वस्त्र, पुष्पहार, त्रिशरण-पंचशील. कर्ज काढून वाजंत्री लावणे कमी झाले. मेलेले ढोर ओढणे तर बाबासाहेबांच्या शिकवणीने पुष्कळ घरांनी आधीच सोडले होते, उरल्यासुरल्यांनीही सोडले. उपास पडले तरी सोडले.

पण एक बदल महागात पडला. शाळेच्या रजिस्टरात धर्माचा रकाना असे. तिथे ‘बौद्ध’ लिहिले की अनुसूचित जातीच्या केंद्राच्या सवलती बंद. महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्याच्या सवलती मिळू लागल्या, केंद्राच्या मात्र १९९० पर्यंत नाहीत. म्हणजे चौतीस वर्षे. हा रकाना भरताना किती घरांत रात्रभर चर्चा झाली असेल! एकीकडे मुलाची शिष्यवृत्ती, दुसरीकडे बाबासाहेबांना दिलेला शब्द. आमच्या बाबांना अक्षरओळख नव्हती. मास्तरांनी विचारले, “काय लिहू?” बाबा म्हणाले, “बौद्ध लिहा. फी मी खाणीतून आणीन.” त्यांनी जादा पाळ्या केल्या. प्रत्येकाला हे जमले असे नाही आणि ज्याने पोटासाठी दुसरे लिहिले त्याला आम्ही दोष देत नाही. पण १९६१ च्या जनगणनेत देशात साडेबत्तीस लाख बौद्ध मोजले गेले आणि त्यांतील सुमारे अठ्ठावीस लाख एकट्या महाराष्ट्रातले होते. दहा वर्षांपूर्वी इथे अवघे काही हजार होते. त्या आकड्यामागे असे किती बाप उभे आहेत, याचा विचार तरुणांनी करावा.

अभ्यास कंदिलाच्या उजेडात. काच रोज राखेने पुसायचे काम मुलींचे आणि त्याच कंदिलाजवळ बसून शिकायचे काम मात्र बहुधा मुलांचे. हेही खरे आहे आणि लिहिलेच पाहिजे. आमच्या थोरल्या बहिणीने काच पुसता पुसता आमचे धडे पाठ केले. तिची शाळा चौथीत सुटली. पुढे तिच्या तिन्ही मुली पदवीधर झाल्या, तेव्हा ती म्हणाली, “काच मी पुसली, उजेड यांना पडला.”

टाक, दौत, शाईची पुडी. बांबू आमच्या रानातला, कागद बल्लारपूरचा, पण वही विकत घेणे आम्हाला जड. जुन्या वहीच्या कोऱ्या राहिलेल्या पानांची शिवून नवी वही होई. वस्तीतला एखादा मुलगा मॅट्रिक झाला की त्याची पास झाल्याची बातमी लग्नासारखी फिरे. कोणी औरंगाबादला बाबासाहेबांच्या मिलिंद महाविद्यालयात गेला तर त्याला निरोप द्यायला ठाण्यावर पन्नास माणसे. वाटखर्चाला कोणी चार आणे, कोणी आठ आणे त्याच्या हातात कोंबीत. ते उसने नसे. तो शिकला की आपण शिकलो, असा तो व्यवहार होता.

करमणूक आणि विहार

रेडिओ साऱ्या वस्तीत एखादाच. हॉटेलातल्या रेडिओवर नागपूर आकाशवाणी आणि बुधवारी रेडिओ सिलोनची गीतमाला. चहा न घेता ऐकत उभे राहिले की मालक हाकलायचा. हिवाळ्यात, धानाची मळणी आटोपली की झाडीपट्टीत नाटके आणि दंडारी. मामाच्या गावी जाऊन रात्रभर जागायचे. जमिनीत खड्डा केलेला रंगमंच, समोर पसरलेले तणीस आणि त्यावर घोंगडी पांघरलेले प्रेक्षक. ही झाडीपट्टीची रंगभूमी आजही जिवंत आहे याचा आम्हाला अभिमान वाटतो.

पण आमचा खरा सण १४ एप्रिल. चंदा घरोघर फिरून. निळे कागद कापून पताका करायच्या, खळ घरच्या तांदळाची. रात्री भीमगीते, वामनदादा कर्डकांची गाणी गावोगावच्या गायकांच्या तोंडी. आणि ऑक्टोबरात दीक्षाभूमीचा मेळा, जो आजही दरवर्षी १५ आणि १६ ऑक्टोबरला भरतो. त्याच परिसरात पुढे आंबेडकर महाविद्यालय उभे राहिले. जिथे निरक्षर आजीने प्रतिज्ञा म्हटली, तिथे तिच्या नातवंडांनी पदवी घेतली.

विहार म्हणजे तेव्हा एक झोपडीच, कुडाची. रविवारी सायंकाळी वंदना आणि वंदनेनंतर वाचन. ‘प्रबुद्ध भारत’चा एकच अंक यायचा. ज्याला वाचता येई तो मोठ्याने वाची आणि चाळीस-पन्नास माणसे ऐकत. मध्येच कोणी थांबवी, “तेवढं पुन्हा वाच गा.” अंक वाचून वाचून घडीवर फाटे, मग त्याला खळ लावून चिकटवायचे. आज प्रत्येकाच्या हातात फोन आहे, त्यात सारी पुस्तके आहेत. पण “तेवढं पुन्हा वाच” म्हणणारे उरले नाही.

काय गेले, काय राखायचे

वाचक बंधू-भगिनींनो, आम्हाला ते दिवस परत नको आहेत. गळके कवेलू नको, काळे पाणी नको, तो माठ तर मुळीच नको. आपल्या मुलांच्या डोक्यावर स्लॅब आहे, घरात नळ आहे, अंगावर चांगले कपडे आहेत, याचा आम्हाला आनंदच आहे. त्यासाठीच तर त्या जादा पाळ्या होत्या.

मात्र त्या गरिबीत आपण तीन गोष्टी कमावल्या होत्या. मिळून वाचण्याची सवय, दुसऱ्याच्या मुलाच्या शिक्षणाला आपले चार आणे देण्याची वृत्ती आणि रकाना भरताना खरे लिहिण्याची हिंमत. या तिन्ही गोष्टींना पैसा लागत नव्हता, तेव्हा त्या आपल्याजवळ होत्या. आज पैसा आला आणि त्या सैल झाल्या. विहारे संगमरवरी झाली, वाचनाचा रविवार मात्र ओस पडला. लग्नात पुन्हा वाजंत्री आली, कर्ज आले. जिल्ह्यातल्या आडगावचा मुलगा वसतिगृहाच्या खर्चासाठी शिक्षण सोडतो तेव्हा त्याला ठाण्यावर निरोप द्यायला पन्नास माणसे कुठे असतात?

म्हणून एक विनंती. येत्या रविवारी घरातल्या आजी-आजोबांजवळ बसा. हातात वही घ्या. त्यांना विचारा, पाणी कुठून आणत होता? १६ ऑक्टोबरला कोणाच्या घरी उतरला होता? देव कोणत्या नदीत सोडले? शाळेच्या रकान्यात काय लिहिले आणि का? तुमच्या बहिणीची शाळा कितवीत सुटली? उत्तरे त्यांच्याच बोलीत लिहून घ्या, शुद्ध करत बसू नका. ती वही विहारात आणून ठेवा आणि वंदनेनंतर त्यातले एखादे पान मोठ्याने वाचा. ज्यांनी कंदिलाची काच पुसली त्यांची नावे कोणत्याही इतिहासात नाहीत. निदान आपल्या वहीत तरी असू द्या.

जय भीम! नमो बुद्धाय!